अन्नपूर्णेच्या चोरीचा तपास

२८ मार्च, देवास. सकाळ.
प्रमोदिनी होळी झाल्या झाल्या धारला माहेरी, भावाकडे गेली. पाडव्याला येईलच. तोवर रोज एक जुना ब्रिटिश डिटेक्टिव्ह पिक्चर बघायचा, ब्लॅक अँड व्हाइट, आणि त्यातल्या जंटलमनसारखं वागायचं. आवाज चढवायचा नाही. घाबरायचं नाही. बारीकसारीक सगळं टिपायचं. निरीक्षणशक्ती तर माझी जन्मजातच. सिगरेट केस घेतली आहे. बडीशेप ठेवतो.

३० मार्च, पाडवा.
आली नाही. गुढी मीच उभारली, जरा तिरकी. फोन केला तर मेहुणे यशवंतराव म्हणाले, ती झोपली आहे. भर सकाळी? संशयास्पद.

३१ मार्च.
बाग प्रिंटच्या, म्हणजे लाल-काळ्या ठशांच्या, उरलेल्या कापडाचा बो टाय शिवून घेतला. टेलर म्हणाला, भिया, ये पहन के जाओगे कहाँ? सांगितलं नाही.

१ एप्रिल, चैत्र तृतीया.
आज गौर झोपाळ्यात बसते. म्हटलं आपणच बसवू, प्रमोदिनी आली की खूश होईल. पितळी झोपाळा घासून ठेवला. देवघरात बघतो तर झोपाळ्यात बसवायची अन्नपूर्णाच नाही! लग्नात प्रमोदिनी माहेरून घेऊन आली होती ती मूर्ती. चोरी! वाईट वाटलं, पण खोटं कशाला लिहू, आनंदही झाला. शेवटी केस मिळाली.

२ एप्रिल.
कामवाल्या सावित्रीबाईंना खुर्चीवर बसवलं, पडदे ओढले, अत्यंत सभ्यपणे प्रश्न विचारले. पिक्चरमध्ये संशयित इथे कोसळतो. सावित्रीबाई झाडू आपटून म्हणाल्या, भाभीजी से ही पूछ लो नी, और मेरेको अब बुलाना मत. संशय दुसऱ्यावर ढकलायची जुनी चाल. भांडी मी घासली.

४ एप्रिल.
कडी शाबूत. चांदीचा करंडा जागेवर. नेली ती फक्त अन्नपूर्णा. म्हणजे चोर श्रद्धाळू आहे. शेजारचा पीयूष म्हणाला, अंकल, आप तो आंटी को ले आओ. त्याला तपासातलं काही कळत नाही. तरी धारला जाणार. मूर्तीचं नेमकं वर्णन प्रमोदिनीच देऊ शकेल. करमत नाही म्हणून जातोय असं मुळीच नाही.

८ एप्रिल, मंगळवार. धारहून परतीची बस.
लोकरीचा कोट, हॅट, बो टाय. जाताना घामाने बडीशेपसुद्धा ओली झाली. न कळवताच आत शिरलो, जंटलमन तसाच येतो. आत चैत्रगौरीचं हळदीकुंकू. खोलीभर बायका. एक आजी म्हणाल्या, अगबाई, बँडवाले कुणी बोलावले?
समोर झोपाळ्यात आमची अन्नपूर्णा. गळ्यात मोगरा.
प्रमोदिनीने मला मागच्या खोलीत नेलं, पन्हं दिलं. म्हणाली, मीच आणली, संक्रांतीला आले होते तेव्हा. म्हटलं बघू, यांच्या लक्षात येतं का. रोज आंघोळ करून तुम्ही त्याच देवघरापुढे हात जोडत होता. रोज वाटायचं, आज विचारतील. होळीपर्यंत थांबले. विचारलं असतं तर गेले नसते हो.
आवाज जराही चढवला नाही तिने.
परत कधी येणार, विचारलं. ती म्हणाली, बायका खोळंबल्यात, आणि बाहेर गेली. वहिनींनी आंब्याची डाळ डब्यात दिली.

९ एप्रिल, देवास.
केस सुटली. डाळ संपवली. पिक्चर लावला, बंद केला. ती गेली आहे हे आज कळलं, आणि फार रडू येतंय.
पद्धत म्हणून कालची सगळी हकीकत टिपून ठेवायला बसलो. झोपाळा पितळी. माळ मोगऱ्याची. आजींचा चष्मा काळ्या फ्रेमचा.
प्रमोदिनी साडी कोणत्या रंगाची नेसली होती? दुपारपासून आठवून बघतोय. आठवत नाही.