पितळेला पडलेली चीर

५ सप्टेंबर २००६, मंगळवार

जुन्या कं.चा इतिहास पुन्हा लिहून दिला. ग्रॅहमला अजून 'हेरिटेज' कमी वाटतंय. "वाचणाऱ्याला लाकडाच्या धुराचा वास आला पाहिजे, अनघा." मी मेटलर्जिस्ट. मला तापलेल्या पितळेचा वास येतो, तो त्याला चालत नाही.

कं. अमेरिकेतली, काडतुसं बनवणारी, पार घोडागाडीच्या काळापासूनची. आम्ही तिचे इथले इंपोर्टर. बर्मिंगहॅमच्या बाहेर एका इंडस्ट्रियल इस्टेटवर ऑफिस, मूठभर माणसं, ग्रॅहम मालक. मुलगी लहान होती तेव्हा मी घरी बसले आणि मग कोणत्याच फाउंड्रीने परत घेतलं नाही. यांनी घेतलं, कॅटलॉग लिहायला.

रविवारी मंडळाच्या गणपतीत कोणीतरी विचारलं, सध्या काय करता? मी तोंड उघडायच्या आत शिरीष म्हणाला, "ती टेक्निकल रायटिंग करते." खोटं नाही. पुण्याला सासूबाईंना 'स्पोर्ट्स गुड्स' सांगितलंय, तेही खोटं नाही. शि. डोळ्यांचा सर्जन आहे. माझी नोकरी त्याला आवडत नाही, पण तसं तो कधी म्हणत नाही. म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं.

८ सप्टें., शुक्रवार

अमेरिकेहून जुने फोटो आले. कं. काढणारा माणूस मुळात घड्याळजी. घोडे बांधायच्या शेडमध्ये पहिलं मशीन लावलेलं. मग महायुद्धातला एक फोटो: लांब टेबल, दिव्यांची रांग, डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका काडतुसं बोटांनी फिरवून तपासतायत. एक जण कॅमेऱ्याकडे वैतागून बघतेय, जशी काही तिची लय मोडली. हाच फोटो मोठा छापावा असं मी म्हटलं. ग्रॅहमला दाढीवाला संस्थापक हवाय.

काडतुसांच्या रेंजचं पान झालं. पॉइंट टू-टू, पेन्सिलच्या टोकाएवढं, डबे मारायला नि सशांना. शॉटगनची, आधी मेण लावलेल्या कागदाची, नंतर प्लास्टिकची. पाणपक्ष्यांवर आता शिसं चालत नाही म्हणून पोलादी छर्रे. रायफलची लांब पितळी, हरणाला, कोल्ह्याला. आणि यंदाचा अ‍ॅनिव्हर्सरी खोका: तीच रायफलची, पण जुन्या लेबलच्या साध्या पुठ्ठ्यात. दुकानदारांनी उचललाय पुष्कळ.

मृणाल मागे उभी राहून वाचत होती. "आई, तुझा नोकरी थोडा क्रीपी आहे."
"तुझी नोकरी."
"माझी नाही, तुझा."
सोळा वर्षांच्या मुलीला व्याकरण शिकवायचं की उत्तर द्यायचं, ठरेना. दोन्ही राहिलं.

१४ सप्टें., गुरुवार

सकाळी फोन मीच घेतला. वेल्सच्या सीमेकडून, एक माणूस. त्याची बहीण, मिसेस होल्ट, एकटी मेंढ्या पाळते. कोल्ह्यावर गोळी झाडली तर काडतूस मागूनच फाटलं. गरम गॅस आणि पितळेचे कण उजव्या डोळ्यात. काडतूस अ‍ॅनिव्हर्सरी खोक्यातलं.

ग्रॅहम त्याच्याशी फार चांगलं बोलला. फोन ठेवल्यावर म्हणाला, "रायफल जुनी असणार. बापाची वगैरे."

जेवताना शि.ला सांगायला लागले, आमच्या काडतुसाने एका बाईचा डोळा… त्याने चमचा खाली ठेवला.
"नाव सांगू नकोस."
"मी कुठे—"
"अनघा, नाव सांगू नकोस. मला काही विचारूही नकोस."

मृणाल दोघांकडे बघत राहिली. तिकडच्या अवघड केसेस बर्मिंगहॅमलाच पाठवतात. ती बाई त्याच्याच वॉर्डमध्ये आहे. डोळा राहणार की जाणार हे माझ्या घरात एका माणसाला माहीत आहे, आणि मी त्याला पोळी वाढली.

१८ सप्टें., सोमवार

मिसेस होल्टचा भाऊ काडतुसाची फाटलेली पुंगळी आणि उरलेला खोका ठेवून गेला. ग्रॅहम बाहेर होता. भिंग काढलं.

रायफलची चूक असती तर पुंगळी फुगली असती, ताणली गेली असती. ही नाही. बुडाशी एक सरळ चीर, कडा काचेसारख्या तुटलेल्या. मग खोक्यातली न झाडलेली घेतली. त्यांतल्या काहींना केसासारखी रेघ, बुडाजवळच. म्हणजे बाईने चाप ओढायच्या आधीच…

कॉलेजमध्ये धातुशास्त्राच्या सरांनी हे शिकवलं होतं. इंग्रजांच्या फौजेने हिंदुस्थानात पावसाळ्यात काडतुसं तबेल्यात ठेवली आणि पितळ आपोआप तडकायला लागलं. घोड्यांच्या मुताचा अमोनिया. पितळ ताणात असलं की तो आत शिरतो. परीक्षेत लिहून मार्क घेतले आणि विसरले.

पण आमच्याकडे घोडे कुठे आहेत?

संध्याकाळी घरात नुसती फिरत होते. धुतलेले कपडे परत मशीनमध्ये टाकले.

२१ सप्टें., गुरुवार

घोडे नाहीत. कोंबड्या आहेत.

फोटो काढायचे सांगून माल ठेवायच्या दुसऱ्या स्टोअरवर गेले. ग्रॅहमच्या मेव्हण्याच्या फार्मवर भाड्याने घेतलेली खोली आहे. कुलूप, अलार्म, सगळं नियमानुसार. भिंतीला लागून कोंबड्यांची लांबलचक शेड. दार उघडलं आणि अमोनियाने डोळ्यांना पाणी आलं. बाकीचा माल बंद प्लास्टिकच्या डब्यांत, त्याला काही झालेलं नाही. अ‍ॅनिव्हर्सरी खोके मात्र उघड्या पुठ्ठ्यात, वसंतापासून त्या वासात. दिसेल तो खोका उघडला. प्रत्येकात चिरा. पितळेवर निळसर झाक.

ग्रॅहमला समोर बसवून दाखवलं. भिंगातून बराच वेळ बघत होता.
"तू लॅबमध्ये नाहीस, अनघा. ही तुझी थिअरी आहे."
"मग लॅबला पाठव. तोवर दुकानांना विकणं थांबवायला सांग."
"पुढच्या वीकेंडला शिकारीच्या सामानाचा मेळा आहे. तो होऊ दे. मग मी स्वतः बघतो."
"आणि तोवर कोणी झाडलं तर?"
तो खिडकीबाहेर बघायला लागला. "हे बाहेर गेलं तर अमेरिकावाले एजन्सी काढून घेतील. मग तू, मी, सगळेच घरी."

ग्रॅहम वाईट माणूस नाही. मला कोणी घेत नव्हतं तेव्हा याने घेतलं. मुलाखतीला बसले होते त्याच खुर्चीत बसून हे सगळं त्याला सांगितलं.

२५ सप्टें., सोमवार

आज मिसेस होल्टचा स्वतःचा फोन. आवाज रुक्ष, वय झालेला, भीती नाही त्यात. घरी आलीय. ग्रॅहमने तिला परस्पर लिहिलंय की रायफलची निगा नीट राखलेली नसावी. पोलिसांनी रायफल नेली, लायसन्सचा प्रश्न निघालाय.

"मला एवढंच सांग," म्हणाली. "माझं काही चुकलं का? दर वेळी साफ करते मी. वडिलांनी शिकवलं तशी. त्या दिवशीही केली होती. पडल्या पडल्या तेच आठवत बसते, काय राहिलं असेल."

ग्रॅहम काचेपलीकडे. दार उघडं.

"नाही, मिसेस होल्ट. तुमचं काही चुकलं नाही."
"खात्री आहे?"
"काडतूस आधीच तडकलेलं होतं. मी पाहिलंय."

ती म्हणाली, "बरं." आणि थोड्या वेळाने, "थँक यू, डिअर." डोळ्याबद्दल मी विचारलं नाही. विचारणं म्हणजे शि.च्या खिशात हात घालण्यासारखं वाटलं.

ग्रॅहमने ऐकलं होतं. दार लावून घेतलं.

२६ सप्टें., मंगळवार

दुकानांना फोन लावले. खोके शेल्फवरून काढा, विकलेले परत मागवा. काहींनी आभार मानले, एकाने शिव्या दिल्या. कौन्सिलच्या ग्राहक विभागाला आणि पोलिसांनाही कळवलं, दोघांनी नोंद घेतली. अमेरिकेला ईमेल.

दुपारी ग्रॅहम टेबलापाशी आला. "घरी जा, अनघा. परत कधी यायचं ते कळवीन." ओरडला असता तर सोपं गेलं असतं. कोट त्यानेच आणून दिला.

मृणालला सांगितलं. "सो यू गॉट सॅक्ड?" म्हटलं, माहीत नाही अजून. ती शेजारी येऊन बसली, टीव्ही न लावता. कधी बसली होती अशी शेवटची…

२८ सप्टें., गुरुवार

घरी चैन नाही. फोन वाजला की उठते, नाही वाजला तरी उठते. कपाटं आवरली, नको ती पण. अमेरिकेहून एका बाईचं उत्तर: "चौकशी सुरू केली आहे." बस, एवढंच.

शि. लवकर आला. चहा करून माझ्यासमोर ठेवला, स्वतः उभाच.
"किती दुकानं राहिली?"
या नोकरीबद्दल त्याने मला विचारलेला हा पहिला प्रश्न.
"एक. मिड-वेल्समधलं. फोनच उचलत नाही. मेसेज ठेवलेत."
"शनिवारी मी ऑफ आहे," म्हणाला.
मी त्याच्या चेहऱ्यावर त्या बाईचा डोळा शोधत होते. सापडला नाही. तो कप धुवायला गेला, बराच वेळ धूत होता. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाला, "दसऱ्याला मंडळात कोणी विचारलं तर तूच सांग, काय करतेस ते."
"आता काहीच करत नाहीये."
"तेच सांग मग. सगळं."

३० सप्टें., शनिवार

शि.ने गाडी चालवली. डोंगर, मेंढ्या, अरुंद रस्ते. एका वळणावर म्हणाला, "मला वाटायचं तू त्यात रमलीस, तुला काही वाटेनासं झालं." मी म्हटलं, "रमले होते. ते पितळ मला अजून आवडतं." त्याने मान हलवली, पटलं म्हणून की ऐकलं म्हणून, कळलं नाही.

गाव म्हणजे एक उतरता रस्ता. दुकान बंद, मासेमारीचे गळ आणि बंदुकीचं सामान असं एकत्र. दारावर हाताने लिहिलेली पाटी: मालक सुट्टीवर, सोमवारी उघडू. शेजारच्या बेकरीतली बाई म्हणाली, "आज सकाळीच गेले ते. काल संध्याकाळपर्यंत होते की."

काचेत आमचे खोके. खरे की रिकामे, बाहेरून कळेना. आमच्याच पोस्टरवर आहेत तसे छान रचलेले, खाली रुंद, वर निमुळते, मागे दाढीवाला संस्थापक. पोस्टरवर सगळ्यात वर एक खोका आहे. इथे वर मोकळी जागा.

शि. काचेला कपाळ लावून बघत होता. "कदाचित तेवढेच लावले असतील."

चिठ्ठी लिहून दाराच्या फटीतून आत टाकली. मोबाइल नंबर, मोठ्या अक्षरात. मग बेकरीतल्या बाईला विचारलं, काल संध्याकाळी दुकानात कोण आलं होतं, गावात रायफल कोणाकोणाकडे आहे. तिने हाताला लागलेलं पीठ पुसलं आणि रस्त्यापलीकडच्या डोंगराकडे बोट केलं. विखुरलेली घरं, प्रत्येकाला आपापली पायवाट.

"त्या सगळ्यांकडे," म्हणाली.

शि.ने गाडीतून दोघांचे बूट काढले. वरच्या घरापासून सुरुवात करायची की खालच्या…