कंट्रोलच्या वाफ्यातला पालक

१८ डिसेंबर

आलो एकदाचे लखनौला! प्रसादची बँकेतली बदली आधी झाली आणि मला नोकरी नंतर लागली, त्यामुळे सगळ्यांना वाटतं मी नवऱ्याच्या मागे आले. वाटू दे. वृंदावन योजनेतला फ्लॅट छान उजेडाचा आहे. सहा वर्षांची आमची जुई शेजारच्या पोरांशी अशी हिंदी फाडते, की मी मराठीत काहीही विचारलं तरी उत्तर "हाँ मम्मा" एवढंच.

माझं शेत, म्हणजे दिल्लीच्या एका कंपनीचं प्रयोगाचं शेत, शहराच्या पार उत्तरेला, बख्शी का तालाबच्या पुढे. साहेब नंदकुमार सर, मूळचे नागपूरचे. काम मजेचं आहे. पालकावर जस्ताचे नॅनोकण फवारायचे आणि झाड ते कसं घेतं, कुठवर नेतं, ते बघायचं. पानाला श्वासासाठी बारीक छिद्रं असतात, तिथून कण आत शिरतात आणि शिरांतून खाली उतरतात. डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्यांना असा रंग दिलाय की जांभळ्या दिव्याखाली चमकतात. मृणालबाई, कामाला लागा!

२४ डिसेंबर

इथली एक रीत मला फारच आवडली. शेजारी शेजारी दोन वाफे आहेत. एकावर कण फवारतात, दुसऱ्यावर नुसतं पाणी. हा दुसरा म्हणजे कंट्रोल, तुलनेसाठी ठेवलेला. त्याचा पालक सगळ्यांनी घरी न्यायचा, उरलेला निशातगंजच्या बाजारात जातो. फवारलेल्याला मात्र कुणी शिवत नाही. शेताचे मुकादम हरिहर भैया रोज कंट्रोलचीच भाजी खातात. माझ्या हातात गड्डी ठेवत म्हणाले, "ले जाइए मैडम, कंट्रोल का माल है, एकदम शुद्ध।"

ताकातली पातळ भाजी केली. हिरवं दिसलं की तोंड फिरवणाऱ्या जुईने वाटी चाटूनपुसून साफ केली! फक्त सर गड्डी नेत नाहीत. त्यांच्याकडे म्हणे बायकोचा निशातगंजचा भाजीवाला ठरलेला आहे.

३ जानेवारी

जुई पालक मागून मागून खाते. कच्चासुद्धा.

आज बघते तर कंट्रोलची सगळी पानं दक्षिणेला झुकलेली. क्षणभर दचकले, मग स्वतःवरच हसले. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, झुकणारच.

घरी वेगळीच कटकट. जुई झोपेत फिरून उत्तरेला डोकं करते. आईला फोनवर सांगायची चूक केली, तर तिने मलाच झापलं, की उत्तरेला डोकं करून झोपू नये एवढंही लेकीला शिकवलं नाहीस? काल उशी पूर्वेला ठेवली होती. सकाळी पोरीचं डोकं पुन्हा उत्तरेलाच.

८ जानेवारी

कोहरा, इथलं दाट धुकं. सूर्याचं दर्शन नाही. तरी कंट्रोलची पानं दक्षिणेलाच, आणि फवारलेली सरळ उभी.

अंधाऱ्या खोलीत दिव्याखाली दोन्ही पानं धरली. फवारलेलं पान काळं, आणि कंट्रोलचं चमकतंय. त्याच्यावर आम्ही पाण्याखेरीज थेंब टाकलेला नाही! म्हणजे फवारलेल्या झाडांनी कण मुळांपर्यंत उतरवले आणि मातीतून शेजाऱ्याला देऊन टाकले, संक्रांतीचं वाण द्यावं तसे. आणि आम्ही शुद्ध म्हणून नेमकं तेच खाल्लं.

जुईने खाल्लं.

९ जानेवारी

थंडीमुळे शाळा बंद. जुईला शेतावर घेऊन आले, तिचा हात दिव्याखाली धरला. शिरा चमकतात. मधे एक जाड, तिला दोन्ही बाजूंनी फुटलेल्या बारीक. माझ्या हातालाही आहेत, पुसट.

मी दिवा विझवेपर्यंत ती बाहेर पळालीसुद्धा. वाफ्याभोवती गोल धावत सुटली. पानं तिच्यामागे वळत गेली. पूर्ण गोल. वारा अजिबात नव्हता. ती खूश होऊन ओरडली, "मम्मा, ये मुझे देख रहे हैं!"

दक्षिणेला सूर्य नव्हताच. दक्षिणेला आमचं घर आहे.

१० जानेवारी

सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, कंट्रोलचे आकडे गाळा, भाजी कापून बाजारात पाठवा, गाजावाजा नको. मी म्हटलं, माझी पोरगी म्हणजे तुमचा आकडा नाही, गाळायला. आवाज चढला माझा. चढू दे.

बोलताना ते सारखी खुर्ची खिडकीकडे, वाफ्याकडे वळवत होते. स्वतःला कळतही नव्हतं. मी विचारलं, आपला उरलेला पालक कुठे जातो, आठवतंय ना?

खुर्ची थांबली. चेहरा पांढराफटक.

११ जानेवारी

उपटूनच टाकते सगळं, म्हटलं. पहिलं रोप ओढलं — मीच मातीत कोसळले. आत ऑफिसात सरांची किंकाळी. तेवढ्यात प्रसादचा फोन. जुई जमिनीवर, डोकं घट्ट धरून ओरडतेय, खींचो मत, खींचो मत —

हातांनी माती उकरून रोप परत लावलं. पाणी घातलं. चुचकारलं, देवाशप्पथ, तान्ह्या बाळासारखं चुचकारलं. फोनवर प्रसाद म्हणाला, शांत झाली.

म्हणजे आता हे —

१३ जानेवारी

दिल्लीच्या कंपनीला पुरावा नको आहे. उद्या ट्रॅक्टर येणार, वाफा नांगरणार. मी सांगून सांगून थकले की हा पालक खाल्लेली माणसं मरतील. मला रजेवर जा म्हणाले. झोप घ्या म्हणाले.

झोप! उत्तरेला डोकं करून?

भीती वाटते. पण त्याहून राग जास्त आहे.

१४ जानेवारी

वाफ्यात बसलेय. जुई गोधडीत, मांडीवर. पानं आमच्यावर ओणवी. प्रसाद बांधावर उभा. त्याला पालक आवडत नाही. बरं झालं, एक तरी —

ट्रॅक्टर ऐकू येतोय. धुक्यात दिसत नाही.

हरिहर भैया येऊन शेजारी बसले. मग सर. अनवाणी. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांच्यामागे धुक्यातून आणखी माणसं — साडीवाल्या, स्वेटरवाले, एक म्हातारा पिशवी घेऊन. निशातगंजहून चालत —

येऊ दे. दाटीवाटीने बसू. चालव म्हणावं आता ट्रॅक्टर, बघू छाती.

हात जड झालाय. बोटं पेनाऐवजी मातीकडे —

नाही. लिहिणार. पालक उन्हाळ्यात वाळतो, असं पुस्तकात आहे. पुस्तक गेलं खड्ड्यात. मी रोज पाणी घालीन, सावली धरीन, जुईला मी वाळू देणार ना—