एकतीस झाकणं

बोरी बुद्रुक,
९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रत्ना हिस,

दादाचा आशीर्वाद. इकडे सगळे ठीक, तुम्हीही असाल. आईचे गुडघे दुखतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. फोनवर बोलायला धीर होत नाही, म्हणून लिहितोय.

आधी विजयाची बातमी! आजपासून आपल्या शिवारातल्या एकतीसच्या एकतीस वैरण कापायच्या कडबाकुट्टी मशीनच्या तोंडावर झाकण आहे. तुला माहीतच आहे, मशीन नवं आलं की आपले लोक पहिल्याच दिवशी झाकण काढतात, कारण ओला मका अडकतो. मग ते गोठ्यात लोळत पडतं. आमच्या झाकणात तर कोंबडी अंडी घालायची.

भाऊबीजेला तू एकटीच आलीस. श्रेयाने तुझ्याबरोबर दिलेली चिठ्ठी मी ओवाळून झाल्यावर उघडली. डाव्या हाताने लिहिलेली. 'मामा, मी सुट्टीत मस्ती केली, मशीनमध्ये हात घातला. सॉरी.' अकरा वर्षांची पोर, उजव्या हाताची दोन बोटं गेलेली, आणि माफी ती मला मागते!

दुसऱ्या दिवसापासून पाने-बोल्ट घेऊन दारोदार फिरलो. 'अमृत येडा झाला' म्हणून लोक हसले, पण झाकणं लावून घेतली. अडले ते फक्त सयाजीनाना. आज सकाळी त्यांच्या गोठ्यात दहा-बारा माणसं जमली होती. नाना म्हणाले, "पोरगी वांड व्हती राव. मशीनचा काय दोष?"

हे वाक्य माझंच होतं, रत्ना. दवाखान्यात मीच ते तुला सांगितलं आणि तू तिला सगळ्यांदेखत रागावलीस.

मी म्हणालो, "नाना, पोरगी वांड न्हवती. झाकण मी काढलं व्हतं. मला फोन आला, म्हणून मका सारायला मीच तिला बशिवलं."

मग नाना उठले. "पाना दे हिकडं," म्हणाले आणि स्वतः बोल्ट आवळले. लोकांनी टाळ्या वाजवल्या गं! सहा महिन्यांत पहिल्यांदा मला ताठ उभं राहता आलं.

आता तू चिडशील. खुशाल चिड, वर्षभर बोलू नकोस. पण घरच्या सगळ्यांना बसवून हे पत्र श्रेयासमोर मोठ्याने वाच. शेवटची ओळ तिच्यासाठी आहे.

श्रेया, तुझी चूक नव्हती. माझी होती.

तुझा,
अमृतमामा