शकू मधे आली

धायरी, पुणे
रविवार दुपार

प्रिय शकूताई,

पायांच्या कॅलिपरची पहिली जोडी, मोडक्या खाटेच्या पट्ट्या वाकवून, गुडघ्याच्या जागी दाराची कडी बसवून. उभं राहताना कडी लावायची, बसताना काढायची. बांबूच्या कुबड्या, टोकाला सायकलच्या ब्रेकचं रबर. स्कूटरला मागून जोडलेली दोन जादा चाकं, जी आता निम्म्या सिंहगड रस्त्यावर फिरताना दिसतात. आमच्या इथल्या वाचनालयाच्या दारातला उतार, बारा फुटांना एक फूट, बोटभरही जास्त नाही. सिमेंट माझ्या हातचं, पाटीवर नाव नगरसेवकाचं. सुहाना नावाच्या मुलीचे निळ्या चामड्याचे कॅलिपर, कारण काळे ती घालणार नव्हती. आणि तुझा कमरेचा पट्टा, आतून मऊ कापड, मागं चार पोलादी पात्या, जो तू खोक्यात घालून कपाटावर ठेवलायस. ऋषीनं सांगितलं मला, मामापासून तो काही लपवत नाही. आमच्या ज्ञानानं केलाय म्हणून जपून ठेवलाय म्हणे. ताई, तो कमरेला बांधायचा असतो.

ही यादी मी टीव्हीवरच्या त्या अफशीनला सांगितली. तिनं विचारलं, या हातांनी काय काय केलंत, आणि कुणी शिकवलं. पहिल्याचं उत्तर द्यायला अर्धा तास लागला. दुसऱ्याला एक शब्द पुरला: कुणी नाही. ते तिनं लिहून घेतलं. आपापल्या वस्तीत दिव्यांग माणसं कशी राहतात, यावर त्यांची नवी मालिका येतेय. माझा शोध घेत ती आधी आपल्या जुन्या जनता वसाहतीत गेली, तिथून कात्रजला तुझ्याकडे, आणि माझा नंबर तू दिलास. त्यांना काय हवंय तेही तुला माहीत आहे: मी पुन्हा एकदा पर्वती चढायची, तेव्हा चढलो तशीच, हातांवर. तू हो म्हणालीस, ऋषी हो म्हणाला, राहिलो मी. मी काय उत्तर दिलं ते सांगतोच, पण आधीचं सगळं नीट लिहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही. फोन केला असता. पण तुझ्याकडे फोन म्हणजे ऋषी स्पीकर लावून मधे बसतो आणि तू 'हो रे बाबा' म्हणून विषय मोडतेस. तुझं सातवीपर्यंतचं वाचन या पत्राला पुरेल, अक्षर मी मोठं काढलंय. ऋषीला वाचायला देऊ नकोस, तो तुला सारांश सांगेल.

ते दृश्य सगळ्यांनी पाहिलंय. नऊ वर्षांचा मुलगा, दोन्ही पायांत जोर नाही, गुडघ्यांना ट्रकच्या ट्यूबचे तुकडे बांधलेले, पर्वतीच्या दगडी पायऱ्या हातांनी चढतोय. तळवे टेकतो, अंग वर ओढतो, पुन्हा तळवे. मागं एका बाईंचा भारदस्त आवाज: कुणाच्याही आधाराशिवाय, स्वतःच्या बळावर. आणि तिथंच कापलंय. दर तीन डिसेंबरला, दिव्यांग दिनाला, ते कुठं ना कुठं लागतं. पूर्वी टीव्हीवर लागायचं, आता व्हॉट्सॲपवर येतं, खाली बासरी लावून. मुलाचं नाव कधी नसतं, आणि मी ते कुणाला सांगत नाही. माझ्याच दुकानात, माझ्याच बाकावर बसून, माझं गिऱ्हाईक मला ते दाखवतं, बघा हो मिस्त्री काय हिंमत आहे, आणि मी चष्मा पुसत म्हणतो, आहे खरी.

ताई, तो मुलगा वर पोचत नाही. माझी दाढी पिकली, तो अजून चढतोच आहे. दुकानातलं ग्राइंडर बंद केलं की कान जरा वेळ सुन्न होतात, आणि त्या सुन्नपणातून मला ट्यूबचा आवाज येतो, दगडावर रबर घासल्याचा. आधी घासल्याचा, मग धप्प. भर दुपारी, रस्त्यावर वाहतूक चालू असताना. मी मान वळवून बघत नाही. दुकानाला पायरी नाही, उतार आहे, मीच केलेला. तरी तो पायऱ्याच चढत असतो. बोललो असतो कुणाशी, पण काय सांगायचं? की मला एक मूल ऐकू येतं आणि ते मेलेलं नाही, ते मीच आहे?

मागच्या डिसेंबरात सुहाना मापाला आली होती. पट्टे टोचतात म्हणून रडत होती. तिच्या आईनं मोबाइलवर तेच लावून दिलं, बघ तो कसा चढतो आणि तू रडतेस. पोरीनं शेवटपर्यंत पाहिलं, पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "त्याला कुणी उचलत का नाही?" आई म्हणाली, अगं तीच तर त्याची हिंमत. मी पट्टीला भोक पाडत होतो. भोक चुकलं. माझं भोक चुकत नाही, तुला माहीत आहे.

त्या दिवसाचं तुला तुझं आठवत असेल, मला माझं आठवतं. आपण पायथ्याशी राहायचो आणि तू मला पाठीवर घेऊन वर न्यायचीस, पुणं बघायला. टीव्हीवाल्यांनी आपल्याला तसं पाहिलं. मग त्यांच्यातल्या साहेबांनी मला विचारलं, एकट्याला येतं का रे? माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती, हे मी स्वच्छ लिहितोय. मीच म्हणालो, येतं की. आईनं फाटक्या ट्यूबचे तुकडे कापून दिले होते मोरीपर्यंत सरकायला, ते मी ऐटीत बांधले. तुला त्यांनी कडेला उभं केलं. पहिल्यांदा ऊन चुकलं, दुसऱ्यांदा मागून कुणी भाविक आला, तिसऱ्यांदा मी हसलो म्हणून पुन्हा. माझे तळवे सोलले होते आणि मी ते कुणाला दाखवत नव्हतो. चौथ्यांदा अर्ध्यावर आलो आणि माझ्यापुढच्या पायरीवर सावली पडली. साहेब ओरडत होते, ए मुली, मधे येऊ नकोस. तू आलीस. माझ्याकडे पाठ करून उकिडवी बसलीस, रोजच्यासारखी, हात मागं करून. एवढंच म्हणालीस, "चल."

पुढचं तुलाही पाठ आहे आणि मलाही. साहेबांनी बाबांना सांगून ठेवलं होतं की पोरगा माथ्यापर्यंत चढताना दिसला तर कुणी शेठ चाकाची खुर्ची देणार आहेत. अर्धंच दिसलं, खुर्ची आली नाही. बाबा पुसदहून पुण्याला आले, सगळं आयुष्य इथल्या इमारतींवर विटा वाहिल्या, पण बोलणं तिकडचंच राहिलं. टीव्हीवर ते लागलं की ते म्हणायचेच, "पोरगी मधात आली नसती त पोराले गाडी भेटली असती." तू भाकरी थापत असायचीस. थापायची थांबायची नाहीस. मला वाटायचं, बाबांचं नेहमीचं बोलणं आहे, कानाआड जात असेल. तू मला आणखी चार वर्षं शाळेत पाठीवर नेलंस, तुझी शाळा सातवीत सुटल्यावरही माझ्या शाळेपर्यंत, दुसऱ्या मजल्यापर्यंत. मी समजलो, ताई आहे, नेते.

मग गेल्या आठवड्यात अफशीन दुकानात आली. मी तिला जरा फटकारलंच. म्हटलं, सत्तेचाळीस वर्षांच्या माणसानं पायऱ्यांवर रांगायचं, ही कल्पना तुमच्यातल्या कुठल्या हुशार माणसाची? ती म्हणाली, काका, आम्ही नुसती मुलाखत मागत होतो. हे तुमच्या ताईंनी सुचवलं. त्या म्हणाल्या, "त्याला या वेळी वरपर्यंत जाऊ द्या. मी मधे येणार नाही."

ताई, हातातला पाना मी खाली ठेवला. तू हे कमरेवर हात ठेवून म्हणाली असशील. उठता येत नाही, दाराच्या चौकटीला धरून उभी राहतेस, आणि म्हणतेस मी मधे येणार नाही. म्हणजे इतकी वर्षं तू त्याच पायरीवर उभी आहेस. मला वाटत होतं तिथं मी एकटाच अडकलोय.

तिच्याकडे मूळ टेप होती, न कापलेली. जुन्या टेपा संगणकावर चढवताना सापडली म्हणाली. मी म्हटलं, दाखव. शटर अर्धं ओढलं आणि बाकावर तिचा लॅपटॉप ठेवून पाहिली.

कॅमेरा वरच्या पायरीवर आहे. मुलगा खालून येतोय. जिथं नेहमी कापलेलं असतं ती जागा आली. पण ते पुढं चाललं. सावली पडली, साहेबांचा आवाज आला, आणि कडेनं तू आलीस. चौदा वर्षांची, लाल रिबिनी, बाहीला ठिगळ. मुलाकडे पाठ केलीस, म्हणजे कॅमेऱ्याकडे तोंड. आता नीट वाच. मी तुझ्या पाठीवर वर्षानुवर्षं बसलो. तुझ्या मानेवरचा तीळ, वेणीच्या तेलाचा वास, चढावर तुझा श्वास कुठल्या वळणाला तुटायचा, हे मी डोळे मिटून सांगेन. पण पाठीवर बसलेल्याला चेहरा दिसत नाही. मला उचलताना तुझा चेहरा कसा होतो, हे मी त्या दिवशी दुकानात पहिल्यांदा पाहिलं. खालचा ओठ दातांत धरलेला. मानेच्या शिरा दोरीसारख्या. एक डोळा आपोआप मिटलेला. कळ कमरेतून वर जाते तेव्हा माणूस असाच डोळा मिटतो. माझ्याकडे रोज अशी माणसं येतात, मला कळतं. आणि उभी राहिल्याबरोबर तू चेहरा सारखा केलास. कुणासाठी गं? मला तर तो दिसत नव्हता.

मग तू कॅमेऱ्याजवळून गेलीस, इतक्या जवळून की सगळ्या पडद्यावर तुझा फ्रॉक. त्यानंतर नुसत्या पायऱ्या आहेत. ऊन आहे, दगड आहे, ट्यूबचा एक तुकडा पडलाय. मुलगा नाही. अफशीन बंद करायला निघाली, मी तिला थांबवलं. त्या रिकाम्या पायऱ्या मी टेप संपेपर्यंत बघितल्या.

तेव्हापासून रबराचा आवाज आलेला नाही. पण सुटलो म्हणून सांगू शकत नाही. आता ग्राइंडर थांबलं की तुझा तो चेहरा येतो, सारखा करायच्या आधीचा, आणि त्याच्याकडे मला मान वळवून बघावंच लागतं. अफशीनला मी दोन गोष्टी सांगितल्या. दुसऱ्या प्रश्नाचं 'कुणी नाही' हे उत्तर खोड. आणि टेप दाखवायची तर पूर्ण दाखवा, तू मधे येतेस तिथपासून पुढं सगळी. त्याचा एक पैसाही नको. वरिष्ठांना विचारते म्हणाली. अजून फोन नाही.

हे पत्र यासाठी की एक गोष्ट तू विसरली आहेस आणि ती कुणीतरी तुला सांगायला हवी. कॅमेरा वर होता, ताई. तू त्याच्या शेजारून गेलीस म्हणजे खाली नाही गेलीस. घरी न्यायच्या आधी तू मला माथ्यावर नेलंस, नेहमीसारखं. आपण कठड्यावर बसलो, माझे तळवे तू तुझ्या थुंकीनं पुसलेस, आणि मंडईचा मनोरा कुठला यावरून आपण भांडलो. मी त्या दिवशी वर पोचलो होतो. पुन्हा पोचायचं काही शिल्लक नाही, आणि तू मधे यायची थांबू नकोस. पुढच्या रविवारी येतो, तो पट्टा कपाटावरून काढून ठेव, माझ्यासमोर बांधायचा आहे. ऋषी चिडेल, कारण टीव्हीवाल्यांनी साठ हजार म्हटले होते आणि त्यानं घासाघीस करून वर नेले होते. मी ज्याला नाही म्हणालो ते एवढं: त्याच पायऱ्या, तसेच ट्यूबचे तुकडे, पायथ्यापासून माथ्यापर्यंत हातांवर, चौकटीत दुसरं कुणीही नाही, याचे रोख एक लाख रुपये.

तुझाच,
ज्ञाना