मायची ठेवणीतली साडी

लिंबायत, सुरत

प्रिय वाल्मिक,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. एका खोलीत वाढलेले आपण, भांडायलासुद्धा कधी कागद लागला नाही. तू चालवायचास ती भाड्याची रिक्षा अजून पोलीस ठाण्याच्या आवारातच पडून आहे. भिकनमामा बघून आला, म्हणाला, मागच्या सीटवर मांजर व्याली आहे. मी दिवसभर साड्यांवर टिकल्या चिकटवते आणि जेवायला बसताना बोटांचा गम खरवडते. घर कसंबसं चाललंय, तुझ्यापासून काय लपवू?

निकालाच्या दिवसाबद्दल मात्र आपण बोललोच नाही. तू दोषी ठरलास याचं मला नवल नाही. गांजाची पिशवी तुझ्या रिक्षात होती आणि तिच्यात काय आहे हे तुला ठाऊक होतं. पण वकीलसाहेबांनी आम्हाला समोर बसवून समजावलं होतं की दोष ठरल्यावरही शिक्षा किती द्यायची हे जजसाहेबांना ठरवायचं असतं. माल मधल्या प्रमाणातला, म्हणजे कमी-जास्त करणं त्यांच्या हातात. पहिलाच गुन्हा, वय लहान, पलसाण्याच्या मिलमधलं काम सुटलेलं, घरात दम्याची आई, कमावता तूच. हे सगळं मांडू, चारेक वर्षांवर निभावेल, असं ते म्हणाले. आणि मायला बजावलं की साध्या कपड्यांत या, विचारलं तर खरं तेवढं सांगा.

आपली माय कुणाचं ऐकते का? मोठ्या साहेबापुढे जायचं म्हणून तिने माझ्या साखरपुड्यासाठी राखून ठेवलेली जरीची साडी काढली. शेजारच्या शांताबाईंच्या सोन्याच्या पाटल्या मागून आणल्या. मी अडवलं तर म्हणाली, ‘भिकारीना पोरले कोण इचारस? साहेबले समजू दे, पोऱ्या चांगला घरना शे.’ पुढचं तू पिंजऱ्यातून पाहिलंसच. साहेबांनी किती मायेने विचारलं होतं, ‘माजी, घर कोण चलावे छे?’ आणि ही हात जोडून म्हणाली, ‘आमले काहीच कमी नही साहेब, देवनी दया शे.’ वकिलांनी डोळे मिटून घेतले. हे गरजेपोटी नव्हे, लोभापोटी केलेलं काम आहे, असं साहेब म्हणाले आणि सात वर्षं सुनावली.

तिच्यावर चिडायला जाते आणि आबा गेले ते वर्ष आठवतं. त्यांच्या लूमवरचे लोक वर्गणी घेऊन दारात आले, तर हिने त्यांना चहा-बिस्किटं दिली आणि वर्गणी परत पाठवली. झाकली मूठ सव्वा लाखाची, हेच ऐकत आपण मोठे झालो. तूही तेच केलंस ना? मिलमध्ये जातो म्हणून डबा घेऊन निघायचास आणि रिक्षा फिरवायचास. तिचं भाडंसुद्धा सुटत नव्हतं, हे आम्हाला वकिलांच्या तोंडून कळलं. एकदा नुसतं बोलला असतास तर टिकल्यांच्या कामावर मीठ-भाकर खाल्ली असती रे. त्या सात वर्षांपेक्षा मला याचंच जास्त वाईट वाटतं.

अपील अहमदाबादला हायकोर्टात गेलंय. माय वकिलांना म्हणाली, मला परत साहेबापुढे उभी करा, आता खरं सांगते. ते म्हणाले, तिथे कागद बघतात, आईला विचारत नाहीत. तेव्हापासून तिने नवंच आरंभलंय. भाजीवाला, सिलिंडरवाला, शांताबाईंकडचे पाहुणे, जो दिसेल त्याला ओट्यावर थांबवते आणि सांगते, ‘आमना घरमा काहीच नही, पोऱ्याच कमावत व्हता.’ जन्मभर मूठ झाकून बसलेली बाई आता रस्त्यावरच्या माणसांना ती उघडून दाखवते. मला लाज वाटते, मी आत निघून जाते. मग आत जाऊन आपल्याच लाजेचा राग येतो.

भिकनमामाबरोबर तू निरोप धाडलास, मी मजेत आहे, मुलाकातीला येऊ नका. तरी मागच्या खेपेला माय आली, तुरुंगाच्या फाटकाशी बसून राहिली, आणि तू बाहेर आला नाहीस. तिला वाटतं, तू तिच्यावर रुसलास. मी तुला ओळखते. कैद्याच्या पांढऱ्या कपड्यांत तुला तिच्यासमोर यायचं नाही, एवढंच आहे ते. म्हणून हे पत्र लिहितेय. शनिवारी ती पुन्हा येणार आहे, घरातली विटकी साडी नेसून. बाहेर ये. ती विचारेल, कसा आहेस. तेव्हा ‘बरा आहे’ म्हणू नकोस, वाल्मिक. रडू आलं तर रड. साबण नसेल, पांघरूण टोचत असेल, झोप लागत नसेल, जे काही कमी असेल ते तिला सांग. पुढच्या खेपेला तिला तुझ्यासाठी काहीतरी घेऊन येऊ दे.

तुझीच,
हर्षदा आक्का