खिडकीतला उजव्या सोंडेचा

ती. सौ. सुभद्रा वन्सं यांना,

केजहून चतुराचा वाकून नमस्कार. (कंबर चार दिवस धरलेली आहे, तेव्हा या नमस्काराची किंमत नेहमीपेक्षा जास्त समजावी.) तुमचा गुडघा, जावई-पाव्हण्यांची साखर आणि तुमच्या सातव्या मजल्यावरचं वारं, सगळं बेताचं असेल अशी आशा करते. वाऱ्याची चौकशी मुद्दाम केली, कारण इथं वैशाख भाजून काढतो आहे आणि आमच्या पुढच्या खोलीची एकुलती एक खिडकी दहा-बारा दिवस बंद आहे. तिच्यात गणपती बसला आहे, आणि त्याला कारण तुम्ही.

भाऊबीजेला तुम्ही तो काचरंगांचा डबा दिलात आणि दुपारी झोपण्यापेक्षा काही शिक म्हणालात. (दुपारी मी ज्वारी निवडते. झोपतं ते दुसरं माणूस. नाव लिहीत नाही, तुमच्या आईच आहेत.) तुमच्या फ्लॅटच्या खिडकीत असली रंगीत काच आहे, ती बघायला पाहुणे येतात, हे तुम्ही तीनदा सांगितलंत. मला पाहुण्यांची हौस नाही, पण डब्यात गणपतीचं चित्र छापलेला कागद होता आणि देवाचं नाव असलेलं मी काही वाया घालवत नाही. अक्षय्यतृतीयेला मुहूर्त धरला. कागद काचेला बाहेरून चिकटवला आणि आतून काचेवर त्याची काळी रेघ गिरवली. ती वाळू द्यायची, मग रेघांच्या मधे रंग भरायचा, बुडबुडा आला की सुईनं फोडायचा. सुई घसरली. गणपतीचा एक दात मोडकाच असतो म्हणतात, माझ्या गणपतीचे दोन्ही मोडले. पण खरं सांगते वन्सं, दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर लाल-पिवळं ऊन पडलं तेव्हा मी पोतेरं हातात धरून तशीच उभी राहिले. तिथं पुसावंसंच वाटेना.

हे सुख दीड दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी समोरच्या सुंदररावांनी भर रस्त्यात चपला काढून खिडकीला हात जोडले आणि मला बोलावून हळूच म्हणाले, "वयनी, उजव्या सोंडेचा बसवलाय व्हय? लई कडक आसतोय त्यो. सोवळं पाळता न्हवं?" मी धावत आत आले, तर सोंड डावी. बाहेर गेले, तर उजवी. काचच ती, आतून काढलेलं बाहेरून उलटं दिसणार, एवढं मॅट्रिक शिकलेल्या बाईला कळतं. पण ते चित्र काढायच्या आधी कळलं असतं तर मॅट्रिकचा काही उपयोग झाला म्हणता आलं असतं.

मी सासूबाईंना समजावलं, की आपण आत राहतो, आपल्याला डावाच लागू. त्यांनी जपमाळ थांबवली. "देव काय आतून येक अन् भायेरून येक आसतोय का? तसली मानसं आसत्यात," म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

त्या दिवसापासून आमचं घर सोवळ्यात गेलं. खिडकी उघडायची नाही, कारण उघडली की देवाचं तोंड सुंदररावांच्या गोठ्याकडे होतं. देवाकडे पाय करायचे नाहीत, म्हणून तुमचे भाऊ खोलीत तिरपे झोपतात आणि रात्रीतून एकदा उंबऱ्याला डोकं आपटतात. घरात अंडं बंद, तर ते एसटी स्टँडवर खाऊन येतात आणि बडीशेप चघळत देवाला नमस्कार करतात. (देव क्षमा करील. सासूबाई वास घेतात.) आणि ज्या उन्हाला मी भुलले ते आता सोवळ्याचं झालं. उन्हावर पाय द्यायचा नाही. ते ऊन सकाळी आठ ते दहा स्वयंपाकघराच्या दारातच पडतं, त्यामुळे त्या दोन तासांत आत असलेली मी आतच आणि बाहेर असलेले भुकेलेच. सासूबाई मात्र बाहेर, खिडकीखाली चटई टाकून बसल्या आहेत. रस्त्यानं जाणारे नारळ देतात, त्या घेतात, आणि नारळ त्यांच्या ट्रंकेत जातात. चटणीपुरतीसुद्धा कवड बाहेर येत नाही.

विसर्जन करू म्हटलं, तर उत्तर मिळालं, "सुभद्रेच्या रंगातून आलाय. ती म्हनंल तवाच जाईल." गेली अकरा वर्षं या घरात सुभद्रा म्हणेल तेच होतं, सुभद्रा फक्त दिवाळीला असते. तेव्हा दोन ओळी लिहा, की देवाला निरोप द्यावा. माझा जीव उकडून गेला आहे आणि कपिलधारच्या धबधब्याखाली बसल्याची स्वप्नं पडतात.

आपली भावजय,
सौ. चतुरा

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं आणि आता दोन ओळींची गरज राहिली नाही. काल संकष्टी होती. कडक देवाला नुसत्या फुलांची पूजा चालते का, एवढंच मी सासूबाईंना विचारलं. त्यांनी आतून अभिषेक घातला. तिसऱ्या तांब्याला सोंड गेली, पाचव्याला पोट. देव लाल-पिवळा होऊन खिडकीच्या कठड्यावरून खाली उतरला. मी हात जोडून उभी होते, एक थेंबही स्वतः टाकला नाही, याला सुंदरराव साक्षी आहेत.

ता. क. २. तुम्ही म्हणाल, डब्यावर तर दहा वर्षं रंग टिकण्याची हमी होती. ती खरी असेल. तो डबा मी रंगांना हात न लावता शेजारच्या बबिताच्या मुलीच्या लग्नात आहेर केला. कागद तेवढा काढून घेतला होता. गणपती लाडवांतून उरलेल्या डिंकाचा आणि जिलबीच्या रंगाचा होता.

ता. क. ३. सासूबाई म्हणतात, देव रुसून सुभद्रेकडे गेला, जिथला होता तिथं. म्हणून उद्या सकाळच्या पुण्याच्या गाडीनं त्याही निघाल्या आहेत, ट्रंकेसह. हे पत्र त्याच तुमच्या हातात देतील. (त्यांना वाचता येत नाही, म्हणून मोकळेपणानं लिहिलं.) देवाला तुमच्या खिडकीत बघून घ्या, बाहेरून सोंड कुठली दिसते तेही बघा. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट आहे, त्यामुळे त्यांच्या जाण्याचा खर्च शून्य. येण्याचाही शून्यच आहे, पण ही गोष्ट त्यांच्यापुढं काढू नका.