शशिकलाबाईंनी शिवलेला पट्टा

११ सप्टेंबर १९५४

गेली. कंबर गेली!

वजनाचा बार खांद्यावर आला होता, वर फेकायचं तेवढं राहिलं होतं. पाठीत खाली कट्‌कन काहीतरी झालं आणि मी गुडघ्यांवर. बार सुटला. तालमीतल्या पोरांनी उचलून टांग्यात घातलं. बाबूराव उस्ताद टांग्याशेजारून चालत बडबडत होते — "रघुवीर, कमर है भिया, दरवाजे का कब्जा नहीं! कितनी बार बोला!" म्हणजे दाराची बिजागरी नव्हे, कितीही वळवायला.

हे पालथं पडून लिहितोय. अक्षर बघा काय आलंय.

१४ सप्टेंबर

डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे. स्नायू ओढला गेलाय. दीड महिना वजनाला हात लावायचा नाही. मग? "मग बघू. पण पाठीला काहीतरी आधार लागेल."

जानेवारीत मध्य भारत राज्याची वजन उचलण्याची स्पर्धा, ती पण आपल्याच इंदुरात. पुढच्या वर्षी मला तिशी लागते. आता नाही तर कधीच नाही.

१५ सप्टेंबर

दिवसभर छताकडे बघितलं. दुसरं काय!

३ ऑक्टोबर

चालता येतंय. लायब्ररीपर्यंत गेलो. एका विलायती मासिकात पहिलवानाचा फोटो सापडला — पाठमोरा. कमरेला हा एवढा रुंद चामडी पट्टा! असला पट्टा इंदुरात विकत मिळत नाही. घरी येऊन वहीत चित्र काढलं, आईला दाखवलं.

आई म्हणाली, "शशिकलाला दाखव. बाळंतिणींचे पोटपट्टे तीच शिवते."

बाळंतिणींचे! मी काय बाळंतीण आहे?

५ ऑक्टोबर

शेवटी गेलोच, आईला पुढं घालून. शशिकलाबाई दोन घरं सोडून, मामांकडे राहतात. हे मामा, नानासाहेब, म्हणजे जुने सरकारी कारकून, कडक माणूस. बाई मुलींच्या शाळेत शिवण शिकवतात. लग्नाला वर्ष व्हायच्या आत यजमान विषमज्वरानं गेले. इतकी वर्षं गल्लीत बघतोय, पण चार वाक्यं बोललो नव्हतो.

मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत. चित्र बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "वजन उचलता तेव्हा श्वास कुठं असतो तुमचा?"

श्वास? इतकी वर्षं वजन उचलतोय, हे कुणी विचारलंच नव्हतं. मग त्यांनी कपडे वाळवायची काठी हातात दिली. "हे वजन समजा. बसा. उठा. हळू. परत." मी अंगणात काठी घेऊन उठबस करतोय, आई पदर तोंडाला लावून हसतेय, आणि त्या एकटक माझ्या कमरेकडे बघतायत — शिवणाऱ्याच्या नजरेनं, बस.

माप आईनं घेतलं. त्या लांबून सांगत होत्या, "श्वास भरून घ्यायला सांगा त्यांना. भरलेल्या पोटाचं माप हवं."

१६ ऑक्टोबर

पहिला पट्टा तयार. कॅनव्हासच्या घड्या, वरून खाटेची नवार. देखणा! पण बसलो की वर सरकून बरगडीत रुततो. बाईंनी शांतपणे काढून घेतला. "चुकलं माझं. बाळंतीण झोपून असते, तुम्ही उकिडवे बसता. पुढून अरुंद करायला हवा."

मला मात्र ओशाळल्यासारखं झालं. त्यांना नाही.

२८ ऑक्टोबर

दिवाळीचा फराळ द्यायला आलेल्या. डब्याबरोबर गुडघ्याच्या पट्ट्या! मी मागितल्या नव्हत्या. कापड उरेब, म्हणजे तिरकं, कापलंय, त्यामुळे ताणतं आणि परत जागेवर येतं. गुंडाळून बसून बघितलं — गुडघा कसा गरम, घट्ट राहतो! "परवा उठताना गुडघ्यावर हात टेकलात," म्हणाल्या, "म्हणून."

कुणाचं इतकं लक्ष असतं?

५ नोव्हेंबर

डॉक्टरांनी हलकं वजन सुरू करायला परवानगी दिली. हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेरला, म्हणून आमच्या कचेरीचे साहेब अर्धं दफ्तर घेऊन तिकडे गेलेत, संध्याकाळ मोकळी. तालमीत पट्ट्याचा विषय काढला. बाबूराव कानाला हात लावून म्हणाले, "पट्टा? वो तो जनानी चीज! मर्द की कमर खुद पट्टा होती है."

माझी तर नव्हती.

१३ नोव्हेंबर

नानासाहेबांच्या कानावर कुणीतरी घातलं. पुरुषाचा पट्टा शिवते, गल्लीत चर्चा होते. ते भडकले. आई तिथंच होती, तिनं येऊन सांगितलं. शशिकलाबाई हातातली सुई खाली न ठेवता म्हणाल्या, "मामा, बाळंतिणींचे शिवले तेव्हा तुम्ही पुण्य म्हणालात. पुरुषाची कंबर सांभाळली तर पाप कसं?"

नानासाहेब उठून कृष्णपुऱ्याकडे फिरायला गेले म्हणे. परत आले ते चहा मागत.

काय बाई आहे! मी असतो तर माफी मागून सुई टाकली असती.

२० नोव्हेंबर

दुसरा पट्टा. चामडं, आत कॅनव्हास. मागे रुंद, पोटावर निमुळता. घोड्याच्या साजाचं बक्कल — बाईंनी सियागंजच्या बाजारात स्वतः जाऊन निवडून आणलं. शिवण दुहेरी, मेणाच्या दोऱ्याची, आरीनं भोकं पाडून. टाके असे एका रांगेत की छापल्यासारखे. त्यांच्या दोन बोटांना चिंधी बांधलेली होती. विचारलं तर म्हणाल्या, "चामडं जिद्दी असतं."

बांधला. श्वास भरला. पोट पट्ट्यावर दाबलं गेलं आणि पाठ — कसं लिहू? मागून कुणीतरी दोन्ही तळवे लावून उभं आहे, मी पडणार नाही, असं वाटलं.

२१ नोव्हेंबर

बार उचलला. पाठ गप्प! एक शब्द बोलली नाही!

१८ डिसेंबर

रोज वाढतंय. वजन आता पूर्वीएवढं. बाबूराव दुरून बघत होते, आज जवळ आले. पट्ट्यावर थाप मारली, बोटानं शिवण तपासली. "दीवार है ये तो! कौन मोची ने बनाया?"

मी सांगितलं, मोची नाही, शशिकलाबाईंनी.

उस्तादांनी शिवण परत एकदा चाचपली. मग, "बाई से पूछना, एक मेरे वास्ते भी. सीढ़ी चढ़ते कमर पकड़ती है." कुणाला सांगू नको म्हणाले. इथं लिहिलं तर चालेल.

८ जानेवारी १९५५

उद्या. आई येणार. शशिकला पण येणार.

९ जानेवारी

दुसरा आलो!!

नीट लिहितो. पहिले दोन प्रकार बरे गेले. शेवटचा क्लीन अँड जर्क — तोच, ज्यात कंबर गेली होती. पहिला प्रयत्न वाया. दुसराही! वजनानं नाही, भीतीनं. बार खांद्यावर आला की तो कट्‌ आवाज आठवायचा. मंडप भरलेला, लोक ओरडतायत "उठा ले भिया!", आणि मी हातांना परत परत खडू चोळतोय.

शेवटच्या प्रयत्नाआधी बायकांच्या बाजूला बघितलं. आई डोळे मिटून बसलेली. शशिकलाबाई मात्र उभ्या होत्या, एवढ्या लोकांत, सरळ. त्यांनी एक मोठा श्वास घेतला. खांदे वर गेले, थांबले. बस. एवढंच केलं.

मीही घेतला. वाकलो. बार खांद्यावर. पट्टा पोटाला भिडला, पाठीला भिडला — आणि फेकला! हात सरळ, पाय सरळ, वर बार. मग पंचांनी हात खाली केला — मान्य!

ग्वाल्हेरचा शाम पहिला. त्याची ताकदच वेगळी, खरंच. मला वाईट वाटलं नाही. बाबूराव रडत होते. पट्टा सोडला तर चामड्याखाली घामानं बनियन चिकटलेलं, पण एक टाका हललेला नाही. एकही नाही.

बाहेर नानासाहेब भेटले. आले होते! मला वाटलं पाठ फिरवतील. म्हणाले, "पट्टा चांगला टिकला." मी म्हणालो, "बाईंनी शिवलाय." "ते दिसतंय," म्हणाले.

१२ जानेवारी

तालमीत जायला सुट्टी. तरी पट्टा पुसून तेल लावून ठेवला. उगाच.

१५ जानेवारी

आई आज संध्याकाळी नवं लुगडं नेसून शशिकलाबाईंकडे गेली. मला काही सांगितलं नाही. तासाभरानं आली, पाणी प्यायली, म्हणाली, "आधी तिला विचारलं, माझी सून होशील का. ती हो म्हणाली. मग मामांना. उद्या सकाळी बोलायला येतायत ते. दाढी नीट कर."

मी आईला एक अक्षर बोललो नव्हतो. कुणालाच नाही. इथंसुद्धा लिहिलं नव्हतं.